सोलापूरहून मालवणच्या प्रवाळांपर्यंत : स्कूबा आणि स्नॉर्केलिंगची तयारी

सोलापूरकरांच्या कोकण सहलीत स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली उतरणे, बहुधा शेवटच्या दिवशी सकाळी उरकले जाते. किनाऱ्यावर चौकशी करायची, अर्ध्या तासात बोटीत बसायचे, वीस मिनिटे पाण्याखाली राहायचे आणि दुपारी जेवून घाटाच्या रस्त्याला लागायचे, असा हा क्रम असतो. तो प्रवाळांच्या (कोरलच्या) दृष्टीने वाईट आहे आणि आपल्या शरीराच्या दृष्टीनेही योग्य नाही. मालवणचे प्रवाळ उथळ पाण्यात आहेत. तेथे उतरणाऱ्याला स्थिर तरंगता आले नाही, तर तो घाबरून पाय झाडतो, आधारासाठी जवळचा खडक पकडतो, आणि त्या खडकावरचा तपकिरी थर म्हणजेच जिवंत प्रवाळ असतो. म्हणून पाण्यात शांत राहण्याची सवय सोलापुरातच करून जावे, हा या मार्गदर्शनातला माझा मुख्य आग्रह आहे. बाकीच्या सूचना त्यामागून येतात.

सोलापूरकरांना सर्वांत सोयीचे संरक्षित प्रवाळक्षेत्र म्हणजे मालवण सागरी अभयारण्य. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचे हे अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र आहे. सोलापूरहून सांगोला, मिरजमार्गे कोल्हापूर आणि तेथून राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असा रस्ता धरल्यास अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास भरते. हा प्रवास एका दिवसात होतो. मात्र रात्रभर गाडी चालवून पहाटे पोहोचायचे आणि त्याच सकाळी पाण्यात उतरायचे, हे टाळावे. झोप न झालेल्या आणि घाटातल्या वळणांनी मळमळलेल्या माणसाला बोट लागते, आणि तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे साधन) असताना उलटी होणे हा प्रसंग कोणालाही नको असतो.

ज्यांना पुढे अधिक खोल उतरायचे आहे त्यांच्यासाठी आणखी जागा आहेत. सोलापूरहून विजयपूर, हुबळीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ थेट अंकोल्याला समुद्राशी पोहोचतो. तेथून दक्षिणेला मुरुडेश्वर लागते आणि त्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर नेत्राणी बेट आहे. तेथील पाणी मालवणपेक्षा सहसा स्वच्छ असते. अंदमानातील वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि लक्षद्वीप ही खऱ्या अर्थाने प्रवाळांची ठिकाणे होत. लक्षद्वीपला जाण्यासाठी आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आपल्याच राज्याच्या समोर आहे खरी. पण ते पूर्णपणे बुडालेले पठार आहे आणि त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. तेथे पृष्ठभागावर तरंगत, तोंडात स्नॉर्केल म्हणजे श्वासाची नळी लावून काहीही दिसणार नाही. तेव्हा नवख्यांनी तो विचार सोडून द्यावा.

मालवणबद्दलची अपेक्षाही आधीच नीट करून घ्यावी. जाहिरातीतल्या निळ्याशार पाण्याची आणि गुलाबी-जांभळ्या फांद्यांची छायाचित्रे बऱ्याचदा दुसऱ्याच समुद्रातली असतात. येथील प्रवाळ मुख्यतः गोलसर दगडासारखे वाढणारे किंवा खडकावर थर धरणारे असून त्यांचा रंग तपकिरी, हिरवट किंवा करडा असतो. हा रंग त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि प्रवाळांना बरेचसे अन्नही त्याच शैवालाकडून मिळते. समुद्राचे पाणी दीर्घकाळ जास्त तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. म्हणून पाण्याखाली दिसलेला झगझगीत पांढरा प्रवाळ सुंदर म्हणून टिपण्याजोगा नसतो. तो आजारी असतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर चौथ्यांदा अशी विरंजनाची लाट आल्याचे जाहीर केले आणि त्या वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही तिचा फटका बसला. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्यामुळे एका लाथेने तुटलेला हातभर तुकडा भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

हंगाम ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत चालतो आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की मे महिन्याच्या सुट्टीत समुद्राची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पण मेच्या उत्तरार्धात वारा आणि लाटा वाढू लागतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता, हे विसरू नये. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सोलापुरातली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतरचा जानेवारीचा शेवट तर विशेष सोयीचा, कारण तोवर नाताळ आणि नववर्षाची गर्दी ओसरलेली असते.

महिना ठरल्यावर तिथी पाहावी. भिंतीवरचे कॅलेंडर येथे फार उपयोगी पडते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाण्याचा उपसा मोठा होतो, प्रवाह जोरात वाहतात आणि तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो आणि पाणी त्यामानाने शांत राहते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना ढोबळ हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी: अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. ओहोटीचे पाणी खाडीतला गाळ बाहेर आणते, म्हणून पूर्ण भरतीच्या आगेमागे दृश्यमानता सहसा चांगली असते. त्यातच सकाळी समुद्रावर वारा कमी असतो आणि दुपारपासून खारा वारा सुटून पृष्ठभाग खडबडीत होतो. या सर्व गोष्टी एकत्र पाहिल्या, तर अष्टमी ते दशमीच्या दरम्यान सकाळची पहिली बोट धरणे हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय ठरतो. हा हिशेब नियोजनापुरता समजावा. प्रत्यक्ष वेळ स्थानिक नावाड्याला विचारूनच पक्की करावी, आणि तो समुद्र बरा नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

आता सोलापुरातील तयारीविषयी. प्राथमिक स्कूबासाठी पोहता येणे अनिवार्य नसते, असे किनाऱ्यावर सांगितले जाते आणि ते खरेही आहे, कारण प्रशिक्षक सतत हाताशी असतो. तरीही निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे शहरातल्या एखाद्या जलतरण तलावावर, जीवरक्षक उपस्थित असताना, सराव करावा. उजनीच्या फुगवट्यात किंवा हिप्परग्याच्या तलावात हा सराव करू नये. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेले लोक धीट असतात. मात्र त्यांना डोके वर काढून, हातपाय जोरात मारत पोहण्याची सवय असते आणि स्नॉर्केलिंगला नेमके उलटे लागते. चेहरा पाण्यात ठेवून, शरीर आडवे सोडून, काहीही न करता पडून राहता आले पाहिजे. साधा मास्क आणि स्नॉर्केल विकत घेऊन, नाकाने श्वास न घेता तोंडाने सावकाश घेण्या-सोडण्याचा सराव दहा मिनिटे सलग जमेपर्यंत करावा. नळीत पाणी शिरले की जोरात फुंकून ते बाहेर काढणे, आणि मास्कमध्ये पाणी आले की वरची कड दाबून नाकाने हवा सोडून ते काढणे, या दोन क्रिया कमरेएवढ्या पाण्यात पुन्हापुन्हा करून पाहाव्यात. ज्यांनी झुपकेदार मिशा राखल्या आहेत त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतच राहते. त्यांनी मिशी थोडी कातरावी किंवा ही गळती गृहीत धरावी. चष्मा लागत असल्यास नंबरचा मास्क मिळतो का, हे केंद्रावर आधी विचारून ठेवावे.

दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाच्या पडद्याचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काही असल्यास डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय स्कूबा करू नये. गर्भवतींनी तर ते पूर्णपणे टाळावे. सर्दी झालेल्या माणसानेही त्या दिवशी सिलिंडर लावू नये, कारण बंद नाकाने कानातला दाब सारखा करता येत नाही. केंद्रावर भरून घेतला जाणारा आरोग्याचा अर्ज घाईत ‘नाही, नाही’ असे लिहून संपवण्यासाठी नसतो. मुलांसाठी खुल्या समुद्रातल्या प्राथमिक डाइव्हची किमान वयोमर्यादा सर्वसाधारणपणे दहा वर्षे मानली जाते.

केंद्र निवडताना दरापेक्षा काही प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची आहेत. प्रशिक्षकाकडे कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे, एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती माणसे असतात, बोटीवर प्राणवायूचा सिलिंडर आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, समुद्रात उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेतला जातो का, हे विचारावे. तारकर्लीत राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र असून तेथे सरावासाठी खोल तलाव आहे. अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घेण्याचा विचार असल्यास ते पाहण्याजोगे आहे. प्राथमिक डाइव्हची मर्यादा १२ मीटर आणि पहिल्या प्रमाणपत्रानंतरची १८ मीटर असते. मालवणला नवखे लोक प्रत्यक्षात त्याहून बरेच उथळ राहतात आणि त्यात काही कमीपणा नाही, कारण प्रकाश आणि मासे वरच्या थरातच जास्त असतात. काही ठिकाणी पर्यटकाभोवती मासे गोळा व्हावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकली जातात. असा व्हिडिओ आपल्याला नको, हे बोटीत बसण्यापूर्वीच सांगावे. पावावर पोसलेले मासे आपले नेहमीचे खाणे सोडतात, आणि ज्या शैवालावर त्यांनी चरायचे ते प्रवाळांवर वाढत राहते.

पाण्याखालचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखून धरायचा नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीभर घेतलेली हवा रोखून कोणी वर आला, तर ती वाटेत फुगत जाऊन दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून वर येणे नेहमी सावकाश, सोबत सोडलेल्या बुडबुड्यांपेक्षा हळू असावे. दुसरी गोष्ट कानांची. दाबामुळे कानातल्या हवेच्या आकारमानात होणारा सर्वांत मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच होतो. त्यामुळे नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबण्याची क्रिया उतरायला लागताच सुरू करावी आणि साधारण प्रत्येक मीटरला करावी. दुखू लागल्यावर जोर लावणे चुकीचे आहे. तेव्हा कानाकडे बोट दाखवून थांबावे, थोडे वर यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. खुणांमध्ये एक गोंधळ हमखास होतो: अंगठा वर करणे म्हणजे ‘सर्व छान’ नव्हे, तर ‘मला वर जायचे आहे’. ठीक असल्यास अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवावा. नाहीतर उत्साहाने अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक पाचव्या मिनिटाला वर घेऊन येतो.

प्रवाळांवर उभे राहणे, त्यांना हात लावणे किंवा छायाचित्रासाठी त्यांना टेकणे पूर्णपणे वर्ज्य आहे. पायातले फिन्स (पोहण्यासाठी घालायचे वल्ह्यासारखे रबरी पंजे) आपल्या अंदाजापेक्षा लांब असतात, म्हणून पाय गुडघ्यातून न मारता कमरेपासून सावकाश हलवावेत आणि तळाजवळ ते जवळजवळ थांबवावेत. दमल्यास पाठीवर वळून लाइफ जॅकेटच्या आधाराने तरंगावे. सनस्क्रीन शक्य तितके कमी लावून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालावा, कारण सनस्क्रीनमधील काही रसायने प्रवाळांना घातक ठरत असल्याचे आढळले आहे. हवाई राज्याने त्यांतील दोन रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदीच घातली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बोटीवर न्यायची असेल, तर ती डब्यात न्यावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नये. दगडी सांगाडा असलेले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत आहेत, आणि त्या यादीसंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

शेवटचा मुद्दा परतीचा. घाटावर राहणाऱ्यांसाठी तो अधिक महत्त्वाचा आहे. दाबाखाली घेतलेल्या हवेतील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण बाहेर पडण्याआधी उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. यासाठीच एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि लागोपाठ अनेक दिवस डाइव्ह केल्यास १८ तास विमानप्रवास करू नये, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला साधारण सहाशे मीटरपासून पुढच्या उंचीचा विचार करून दिलेला आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे आणि सोलापूर स्वतः साडेचारशे मीटरच्या आसपास. उथळ पाण्यातल्या वीस मिनिटांच्या डाइव्हनंतर धोका अगदी थोडा असतो. तरीही स्कूबा सहलीच्या पहिल्या पूर्ण दिवशी सकाळी करावे, दुपारी सिंधुदुर्ग किल्ला पाहावा, रात्री मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढावा. रात्री दारू टाळावी, पाणी भरपूर प्यावे. डाइव्हनंतरच्या दिवसभरात सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या, चक्कर किंवा अनाकलनीय थकवा जाणवला, तर तो प्रवासाचा शीण समजून गाडी काढू नये. केंद्राला फोन करून जवळच्या रुग्णालयात जावे, आणि किती खोल, किती वेळ, किती वाजता उतरलो होतो, हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.