विमानातून हॅम रेडिओ: या चुका टाळा

छोट्या विमानात हँडी (हातात मावणारा रेडिओ संच) घेऊन बसलेला जवळजवळ प्रत्येक नवा हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, एकच गोष्ट करतो. पॉवर पाच वॅटवर, मेमरीतला ओळखीचा रिपीटर (दुबळा सिग्नल ऐकून तो जोरात पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र), आणि अंगठा पीटीटीवर, म्हणजे बोलायच्या बटणावर. जो रिपीटर उघडायला एरवी गच्ची गाठावी लागते, तो वरून नुसत्या स्पर्शाने उघडतो. स्वारी खूश! खाली काय चाललंय याचा त्याला पत्ताही नसतो.

आधी साधा हिशेब. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की व्हीएचएफचं (हॅमचा १४५ मेगाहर्ट्झचा पट्टा यातच येतो) रेडिओ क्षितिज, म्हणजे सिग्नल सरळ जिथवर पोचतो ते अंतर, किलोमीटरमध्ये मिळतं. ८,००० फूट म्हणजे साधारण २,४०० मीटर. तिथून क्षितिज सुमारे २०० किलोमीटरवर जातं. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात सव्वा लाख चौरस किलोमीटर मावतात. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. अशा जोड्या मोजक्याच असतात, म्हणून काही अंतर सोडून त्याच जोड्या पुन्हा दिल्या जातात. हे अंतर ठरवताना जमिनीवरचा माणूस डोळ्यांसमोर असतो, ढगांतला नाही.

एकदा नुकताच परवाना मिळालेला एक उत्साही मुलगा माझ्या शेजारच्या सीटवर होता. विमान मी चालवत होतो. फक्त सिंप्लेक्सवर (रिपीटरशिवाय, थेट एकमेकांशी) बोलायचं, असं निघण्यापूर्वी त्याला दोनदा बजावलं होतं. सिंप्लेक्सवर त्याला लगेच उत्तर मिळेना. थोडी कळ काढण्याऐवजी ‘एकदाच बघतो’ म्हणत गडी रिपीटरवर गेला. उत्तर आलं, वर ‘फाइव्ह नाइन’ही (सिग्नल उत्तम असल्याचा शेरा) मिळाला, आणि मग तो थांबेचना. शेवटी मीच त्याला हँडी बंद करायला लावला. उतरल्यावर मोबाइल सुरू केला तर संदेशांचा ढीग. त्याच जोडीवरचे आणखी दोन रिपीटर त्याने उघडले होते. एकावर आपत्कालीन सरावाचा नेट (रेडिओवरची ठरवून भरवलेली बैठक) चालू होता आणि नेट कंट्रोलला, म्हणजे ती चालवणाऱ्याला, स्वतःचीच माणसं ऐकू येईनाशी झाली होती. दुसरा लिंकवर (इतर रिपीटरांना जोडलेला) होता, त्यामुळे साहेबांचा आवाज आणखी पुढच्या रिपीटरांवरही गेला.

यावर त्याचं म्हणणं एकच: ‘मला तर एकच रिपीटर ऐकू येत होता.’ बरोबरच आहे. एफएम रिसीव्हर दोन सिग्नलांपैकी जोरकस असेल तोच धरतो आणि दुसरा जवळजवळ पुसून टाकतो. चूक करणाऱ्याला चूक ऐकूच येत नाही, म्हणून ही चूक संपत नाही. वेगवेगळे टोन (रिपीटर ज्यावर उघडतो तो आवाजासोबतचा खालचा स्वर) असतील तर थोडा बचाव होतो, पण कित्येक ठिकाणी अख्ख्या भागात एकच टोन चालतो. शिवाय टोन जुळला नाही आणि रिपीटर उघडला नाही, तरी त्याच्या इनपुटवर (ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवर) बोलणारा दुबळा हँडीवाला तुमच्या सिग्नलखाली दबतोच.

माझी सवय सांगतो. विमानात न्यायच्या हँडीत मी रिपीटरचं एकही चॅनल ठेवत नाही. मेमरीच नाही, म्हणजे मोहही नाही. पॉवर अर्धा वॅट. ‘एवढ्याने काय होणार’ असं ज्यांना वाटतं त्यांनी गणित करून बघावं. १४५ मेगाहर्ट्झला २०० किलोमीटरवर मोकळ्या हवेतला ऱ्हास सुमारे १२२ डेसिबल असतो. अर्ध्या वॅटमधून तो वजा केला की उणे ९५ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली सिग्नलची ताकद) उरतात, आणि बरा एफएम रिसीव्हर उणे १२० च्या आसपासही ऐकतो. मधल्या पंचवीस डेसिबलपैकी काही धातूच्या केबिनने आणि वाकड्या धरलेल्या अँटेनाने खाल्ले तरी थोडंफार शिल्लक राहतं. इथे काम उंची करते. गाडीतला पन्नास वॅटचा संच सीटला बांधून नेणाऱ्यांना नेमकं काय सिद्ध करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

कॉलिंग फ्रिक्वेन्सीवर (युरोपात १४५.५००, उत्तर अमेरिकेत १४६.५२०) आधी नीट ऐका, हाक द्या आणि लगेच बाजूच्या चॅनलवर सरका. तिथेच गप्पा मारत बसलात तर सव्वा लाख चौरस किलोमीटरची चावडी तुम्ही एकट्याने अडवलेली असते. कॉल साइनपुढे ‘एरोनॉटिकल मोबाइल’ म्हणा, म्हणजे समोरच्याला कळतं की हा माणूस थोड्याच वेळात क्षितिजाआड जाणार आहे.

दुसरी चूक रेडिओची वाटत नाही, म्हणूनच ती जास्त घातक. हँडी किंवा स्पीकर-माइक डॅशबोर्डवर, काचेलगत ठेवणं. अँटेना खिडकीजवळ असली की सिग्नल बरा जातो, हे खरं. पण स्पीकरमध्ये चुंबक असतं आणि होकायंत्रही तिथेच काचेपाशी असतं. एका प्रवाशाने असाच हँडी पुढे सरकवून ठेवला होता. दिशादर्शक जायरो हळूहळू सरकत जातो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवून घ्यायचा असतो. त्या दिवशी चालवणाऱ्याने तो इमानेइतबारे जुळवला, बिघडलेल्या होकायंत्राशी. जीपीएसचा ट्रॅक आणि जायरोचं हेडिंग जुळेना, तेव्हा तो म्हणाला, ‘वारा असेल.’ वारा होताही, पण उलट्या बाजूने! मी मागच्या सीटवर होतो. हँडी उचलायला सांगितलं आणि होकायंत्राची तबकडी आमच्या डोळ्यांदेखत फिरली.

उपाय अगदी साधा आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी होकायंत्राकडे बघत हँडी जागेवर ठेवा आणि उचला. तबकडी जराही हलली तर ती जागा बाद. चुंबकी तळाच्या अँटेनाला तर मी विमानाच्या आसपासही फिरकू देत नाही. आणि हँडी दोरीने बांधलेलाच हवा. सैल हँडी हवेच्या एका धक्क्यात खाली पडतो आणि नेमका रडर पेडलखाली जाऊन बसतो.

‘मी फक्त ऐकतो, त्याने काय बिघडतं?’ हा प्रश्नही नेहमीचा. बिघडू शकतं. १०.७ मेगाहर्ट्झ आयएफचा (आलेला सिग्नल आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणला जातो ती) रिसीव्हर १४५.५ ऐकत असेल आणि त्याचा लोकल ऑसिलेटर (त्यासाठी आत चालणारा, थोडा बाहेरही गळणारा दोलक) खालच्या बाजूला असेल, तर तो १३४.८ वर चालतो. विमानांच्या बोलण्याचा पट्टा ११८ ते १३७. म्हणजे थेट त्याच पट्ट्यात. म्हणून जमिनीवरच, विमानाचे सगळे रेडिओ चालू ठेवून, उड्डाणात लागणारी प्रत्येक फ्रिक्वेन्सी स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडून ऐका. मग हँडीची पीटीटी दाबा आणि व्हीओआरची (जमिनीवरच्या केंद्रावरून दिशा दाखवणाऱ्या यंत्राची) सुई, जीपीएस, इंधनाचे काटे, सगळ्यांवर नजर टाका. ही चाचणी कंटाळवाणी आहे. ज्याला एवढा धीर नाही त्याने हँडी घरीच ठेवावा. ढगांत, उपकरणांच्या भरवशावर उडताना तर तो बंदच बरा.

परवानगीचं थोडक्यात. अमेरिकेत पायलट-इन-कमांडची (विमानाची जबाबदारी असलेल्या वैमानिकाची) संमती लागते आणि हॅम संच विमानाच्या रेडिओपासून स्वतंत्र असावा लागतो. काही देशांत हौशी परवाना विमानात चालतच नाही. आपल्या परवान्याच्या अटी स्वतः वाचा. क्लबात कोण काय म्हणालं ते पुरेसं नाही.

आता बाकीच्या चुका, भराभर.

व्हॉक्स (आवाज झाला की आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोय) वापरू नका. इंजिनाच्या आवाजाने तो उघडतो आणि उघडाच राहतो.

विमानाचा हेडसेट हँडीला थेट जोडू नका. पिना वेगळ्या, इम्पीडन्स वेगळा, माइकला लागणारं व्होल्टेजही वेगळं. अडॅप्टर घ्या, नाहीतर छोटा इअरफोन हेडसेटच्या कपात सरकवा. मी हेच करतो. मात्र दुसरा कान विमानाच्या रेडिओसाठी मोकळा ठेवा.

विमान चालवता चालवता हॅमवर गप्पा मारू नका. बोलायचं काम शेजारच्याचं. टेकऑफ, लँडिंग आणि विमानतळाच्या आसपास त्यानेही गप्प बसायचं.

हँडी ‘उघडून’ (त्यावरची बंधनं काढून) विमानाच्या पट्ट्यात प्रक्षेपण करण्याचा उद्योग नको. विमानं एएमवर बोलतात, तुमचा हँडी एफएमवर. आणीबाणीसाठी म्हणून १२१.५ वर तो भरून ठेवणाऱ्यांनी यावर एकदा विचार करावा.

एपीआरएस (आपलं ठिकाण छोट्या पॅकेटांतून आपोआप कळवणारी हॅम पद्धत) लावलात तर पाथ (पॅकेट किती उड्या पुढे पाठवायचं ते) रिकामा ठेवा, फार तर एक उडी. जमिनीवरची सेटिंग तशीच वर नेली तर एकेक पॅकेट डझनावारी डिजिपीटर (पॅकेट पुढे पाठवणारी केंद्रं) उचलतात आणि चॅनल तुंबतं. विमानासाठी एसएसआयडी (कॉल साइनमागचा ओळखीचा आकडा) ११.

लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर खुपसण्यापूर्वी मीटर लावून बघा. कित्येक छोट्या विमानांत २८ व्होल्ट असतात आणि बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या जुन्या विमानात १४. गाडीत चालणाऱ्या १३.८ व्होल्टच्या संचाला २८ मिळाले की पुढचं निदान वासावरूनच होतं.