घरातली जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी चालू कशी ठेवायची (इंदूरकरांसाठी)

मुंबईत 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली, शेवटची ताडदेव आरटीओत 2003 ला रजिस्टर झालेली आणि टॅक्सीला तिथे 20 वर्षांचीच मर्यादा. पण इंदूरला काकांच्या अंगणात एखादी उभी असेल तर भंगारात देऊ नका राव, खाजगी गाडीला तो टॅक्सीचा नियम लागत नाही.

पहिले आरसी (गाडीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट) बघा. 15 वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून दर 5 वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, मुदत गेली असेल तर आधी आरटीओ, डेंटिंग-पेंटिंग मग. वय 50 च्या वर असेल तर व्हिंटेजमध्ये पण टाकता येते, पण मग रोज राजवाड्याला नेता येत नाही, फक्त रॅली-प्रदर्शनाला, म्हणून मी तरी साधंच ठेवीन.

नंतर पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला, सगळ्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं, आणि गळती लागली की शेजारी तापलेलं इंजिन. टाकीतलं जुनं पेट्रोल काढूनच स्टार्टर मारा. उभी ठेवायची असेल तर बॅटरीची वायर काढा. आणि बहुतेक पद्मिनींत गिअर स्टीअरिंगपाशी आहे, पोरांना आधी बंद गाडीतच शिकवा.