प्लॉटवरची वेडी बाभूळ बुडख्यासकट कशी काढावी

वेडी बाभूळ वरून तोडली की मरत नाही, उलट दाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. तेव्हा आमच्या प्लॉटवरची कडुनिंबाची रोपं वाळून काड्या झाली आणि कुंपणाकडेची वेडी बाभूळ मात्र हिरवीगार उभी होती. म्हणून "पाणी तुटलं की आपोआप जळेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १८७७ च्या सुमारास जमैकाहून बी आणून हे झाड आपल्या देशात लावलं, ते रखरखीत जमिनीत सरपण व्हावं म्हणूनच.

आधी झाड नीट ओळखा. वेड्या बाभळीला कणसासारखे लांबट तुरे आणि चपट्या पिवळसर शेंगा येतात. गोल पिवळी फुलं आणि मण्यांच्या माळेसारखी पांढुरकी शेंग दिसली तर ती गावरान बाभूळ, तिला हात लावू नका. प्लॉट शहराच्या हद्दीत असेल तर १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. नगरपालिकेत अर्ज देऊन परवानगी हातात येऊ द्या, मग कुऱ्हाड उचला.

फांद्या उन्हाळ्यात तोडा, पण खाली पडलेल्या शेंगा त्याआधी पोत्यात भरून जाळून टाका. शेळ्या सोडून शेंगा खाऊ घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. शेळी शेंग खाते, पण बरंचसं बी तिच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतं, तेही खतासकट. कामाला जाड तळाचे बूट घाला, कारण हा काटा चपलेतून आरपार जातो, टोक आत मोडतं आणि पाय सुजतो. तोडलेल्या फांद्या बेळक्यानं, म्हणजे टोकाला फाटा असलेल्या काठीनं ओढायच्या, हातानं नाही. जुन्या दाट जाळीत घोणस असू शकते, म्हणून आधी लांब काठीनं जाळी झोडपून घ्या. खोड गुडघाभर उंच राहू द्या, ते पुढे धरायला लागतं.

आता बुडखा. इथं माझी तीन वर्षं गेली. पहिल्या वर्षी खोड जमिनीसरशी कापलं आणि वर पालापाचोळा पेटवला. दसऱ्यापर्यंत एका खोडाच्या जागी पंधरा धुमारे कमरेएवढे झाले. दुसऱ्या वर्षी कापलेल्या जागी खडे मीठ आणि जळकं ऑइल ओतलं. धुमारे आलेच, वर तिथली माती आजही गवत धरत नाही. प्लॉटवर बोअर असेल तर हा उद्योग करूच नका. तिसऱ्या वर्षी मजूर लावून मुळांच्या मागे खणत गेलो, पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. ती मजुरी पाण्यात गेली, कारण मुळांतून हे झाड फुटतच नाही.

फुटतो तो गड्डा. खोड जिथं मातीत शिरतं तिथून खाली वीत-दीड वीत जो जाड, गाठाळ भाग असतो, त्यावर झोपलेले डोळे असतात. वरचं खोड गेलं की तेच डोळे जागे होतात. तेवढा भाग बाहेर काढला की खाली राहिलेली मुळं जागच्या जागी कुजतात. म्हणून लांब खणायचं नाही, खोल खणायचं.

खणायची वेळ महत्त्वाची. मे महिन्यात काळी माती दगड होते, टिकाव उसळून येतो. भर पावसात तीच माती फावड्याला चिकटून बसते. मिरगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की त्या आठवड्यात काम उरका. बुडख्याभोवती हातभर रुंद गोल खड्डा घ्या आणि फूट-दीड फूट खाली जा. आडवी मुळं कुऱ्हाडीनं तोडत चला. मग खालचं सोटमूळ उघडं करा आणि जिथं त्याची साल गुळगुळीत, बिनगाठीची दिसेल तिथं तोडा. गाठ दिसत असेल तर अजून खाली जायचंय. शेवटी ठेवलेलं खोड हलवत पहारीनं गड्डा उचकटा आणि उलटा करून बघा. गड्डा अख्खा निघाला पाहिजे. तुकडा आत राहिला तर तोच फुटेल.

प्लॉटवर मुरमाची भर टाकलेली असेल तर खोली जुन्या जमिनीपासून मोजा. भरीखाली गाडलेलं खोडही फुटतं. मी बघितलंय, दोन फूट मुरूम फोडून धुमारा वर आला होता.

जेसीबीबद्दल माझं मत पक्कं आहे. नुसती सपाटी करून घेतली तर वरचं खोड मोडतं, गड्डे आतच राहतात आणि बी प्लॉटभर पसरतं. जेसीबी आणायचाच असेल तर एकेका बुडख्याखाली बकेट घालून उपटायला लावा आणि स्वतः तिथं उभे राहा. भिंत, नळाची लाइन किंवा सेप्टिक टँकजवळचे बुडखे मात्र हातानंच काढा.

खड्डे लगेच बुजवा आणि प्रत्येक जागेवर चुन्यानं खूण करा. मातीतलं बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं, त्यामुळे दर पावसानंतर एक चक्कर मारा. चार बोटांचं रोप ओल्या मातीत दोन बोटांनी निघतं, वीतभर झालं की खुरपं लागतं. मोकळ्या जागेत कडुनिंब, करंज असं सावलीचं काही लावा, सावलीत ही रोपं जोर धरत नाहीत. श्रावणात चुन्याच्या खुणा तपासा. जिथं धुमारा दिसेल तिथं गड्ड्याचा तुकडा राहिलाय, त्याच बाजूनं खड्डा पुन्हा उघडा.