पाण्याचं रॉकेट: मुंबईच्या मैदानात बाटली सरळ कशी उडवायची

रॉकेट वर पाठवणं सोपं, सरळ पाठवणं अवघड. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दिवाळीत काचेच्या बाटलीत उभं केलेलं रॉकेट काडीसकट सुटलं तर कौलांवरून पार पलीकडे जायचं. काडी मोडलेली असली की तेच रॉकेट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, नाहीतर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीत. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले आणि आमच्या चाळीतल्या पोरांना रॉकेटचं वेडच लागलं. दिवाळीची राखून ठेवलेली, दमट झालेली रॉकेटं त्या मे महिन्यात पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून बाहेर निघाली. तळमजल्यावर रेल्वे वर्कशॉपात फिटर असलेले एक काका राहायचे. आम्ही रॉकेटात जास्त दारू भरायच्या गप्पा मारायला लागलो की ते म्हणायचे, "दारूचं सोडा रे, काडीकडे बघा."

काकांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. काडीमुळे हवेचा रेटा रॉकेटच्या मागच्या भागावर जास्त बसतो, म्हणून तोंड जरा वळलं तरी शेपटी पुन्हा मागे ढकलली जाते. हाच नियम पाळून कोल्ड्रिंकच्या बाटलीचं रॉकेट करता येतं. दारूच्या जागी पाणी आणि दाबलेली हवा.

दारूबद्दल एकदाच सांगून मोकळा होतो. फटाके फोडून त्यातली दारू काढायची नाही, कालवायची नाही, काडेपेटीची गुलंही खरवडायची नाहीत. अमेरिकेत नेब्रास्कातले बुटांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी तयार मोटारीवर, म्हणजे दारू आधीच भरलेल्या नळकांडीवर, उडणारं छोटं मॉडेल रॉकेट बनवलं आणि १९५७ मध्ये रॉकेटांवर लिहिणारे जी. हॅरी स्टाइन यांच्याकडे पाठवलं. घरी दारू कालवणाऱ्या मुलांच्या अपघातांबद्दल स्टाइन तेव्हा लिहीत होते. तिथे त्या मोटारी आजही दुकानात मिळतात. आपल्याकडे मात्र दारू म्हटली की १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आला. पाण्याला परवाना लागत नाही.

सामान

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली हवी. पिण्याच्या पाण्याची बाटली अजिबात चालणार नाही. सोड्याची बाटली आतला वायूचा दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते, पाण्याची नसते. बाटलीला चीर, खोल ओरखडा किंवा पांढरी घडी असेल तर ती भंगारवाल्याला द्या.

रबरी बूच प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. प्रिन्सेस स्ट्रीटला अशी दुकानं आहेत. नंबराच्या भानगडीत न पडता बाटलीच सोबत न्या. बूच अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन अडकलं पाहिजे. पूर्ण आत गेलं तर लहान, नुसतं टेकलं तर मोठं.

बाकी सगळं घराजवळच मिळेल. पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कापून घ्या. गाडीचा पायाने मारायचा पंप लागेल, तोही काटा असलेला. शेपटीसाठी सनबोर्ड, म्हणजे जाहिरातींच्या फलकांचा हलका फोमचा बोर्ड, आणि निवडणुका झाल्यावर तो नाक्यानाक्यावर पडलेला असतो. पुठ्ठा नको, पहिल्याच उड्डाणात भिजून लोंबतो. नाकासाठी गल्ली क्रिकेटचा रबरी बॉल आणि मुलांची खेळायची क्ले. शिवाय खाकी पॅकिंग टेप.

बूच आणि व्हॉल्व्ह

बुचाला मधोमध व्हॉल्व्हपेक्षा किंचित लहान भोक पाडायचं. ड्रिल नसेल तर पंक्चरवाल्याशेजारी कुणीतरी वेल्डिंगवाला असतोच, तो मिनिटात पाडून देतो. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूबचं थोडं रबर राहू द्या, पण ते बाटलीच्या तोंडातून जाईल इतकं गोल कापा. व्हॉल्व्ह बुचाच्या निमुळत्या बाजूने घाला, म्हणजे रबराची चकती बाटलीच्या आत राहील आणि आटे बाहेर येतील. उलटं घातलं तर हवा व्हॉल्व्हलाच बाहेर ढकलते. योग्य बाजूने घातलं तर आतला दाब चकतीला बुचावर दाबून धरतो आणि गळती बंद होते.

पंपाची नळी जेमतेम हातभर असते. तीन-चार मीटर हवेचा पाइप क्लिपा लावून मध्ये जोडून घ्या. हे काम टाळू नका. पंप मारणारा माणूस रॉकेटवर ओणवा असता कामा नये.

शेपटी आणि नाक

बाटली उलटी उडणार, म्हणजे तोंड खाली आणि बूड वर. शेपटीची तीन पाती कापा, तिन्ही अगदी सारखी, आणि बाटलीच्या तोंडाकडच्या अर्ध्या भागात सारख्या अंतरावर लावा. पाती तोंडाच्या खाली वीतभर उतरू द्या, म्हणजे रॉकेट त्यांच्यावरच उभं राहील आणि खाली बूच व पाइपला जागा मिळेल. वेगळा स्टँड लागत नाही.

चिकटवायला टेपच वापरा. झटपट चिकटवणारा गोंद बाटलीला लागला की तिथलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि कडक तापलेल्या ग्लू गनने ते मऊ पडतं. पॉलिश पेपर तर बाटलीला लावूच नका. दाबाखाली बाटली फुटते ती अशाच जागी.

दुसऱ्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून पहिलीच्या बुडावर टोपीसारखा बसवा. टोकाला अर्धा कापलेला बॉल लावा, कारण खाली येणारं टोक मऊ हवं. त्याच्या आत क्ले भरायची. सुरुवात ५० ग्रॅमपासून करा. मुलांना क्ले भरणं म्हणजे फुकटचं ओझं वाटतं. सगळ्यांचा ओढा पंपाकडे असतो. पण खरी मेख याच गोळ्यात आहे.

दोऱ्याची कसोटी

रॉकेट रिकामं, बूच काढलेलं. बोटावर आडवं धरून ते कुठे तोलतं ते बघा आणि नेमक्या त्याच जागी दोरा बांधून टेपने पक्का करा. दोन मीटर दोरा सोडून गच्चीत किंवा अंगणात डोक्यावरून गोल फिरवा, आसपास कुणी नाही हे बघून. नाक पुढे ठेवून रॉकेट फिरलं तर ते सरळ उडेल. आडवं फिरलं, किंवा शेपटी पुढे करून फिरलं, तर आणखी २० ग्रॅम क्ले घाला, तोल पुन्हा काढा, दोरा सरकवा आणि पुन्हा फिरवा. १०० ग्रॅमनंतरही हट्ट सोडत नसेल तर पाती मोठी करा.

ही कसोटी झाल्याशिवाय मैदानात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉकेट वाकडं गेलं की लोक दाब वाढवतात, आणि मग ते आणखी जोरात वाकडं जातं.

विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालं. ते अमेरिकी बनावटीचं नायके-अपाचे होतं. आपण स्वतः बनवलेलं रोहिणी आरएच-७५ उडायला १९६७ साल उजाडलं. त्यातला ७५ हा आकडा म्हणजे त्याचा मिलिमीटरमधला व्यास. हातातली दोन लिटरची बाटली त्याहून जाड आहे, हे मुलांना पट्टीने मोजून दाखवा. चेहरे बघण्यासारखे होतात.

जागा आणि वेळ

सोसायटीची गच्ची नको. वर गेलेलं खाली रस्त्यावर येतं, आणि खाली गाड्यांच्या काचा असतात. मैदान हवं, तेही वायरी आणि झाडांपासून लांब. शिवाजी पार्कात रविवारी सकाळी एकाला लागून एक असे क्रिकेटचे सामने चालू असतात, त्यामुळे मधल्या वारी आणि लवकर जा. कोणतंही मैदान असो, तिथल्या राखणदाराला आधी विचारा. बाटली दाखवून "पाण्याचं आहे" म्हटलं की बहुधा तोच बघायला थांबतो. ओहोटीच्या वेळची चौपाटीही चांगली, वाळूत पडलेलं रॉकेट टिकतं. फक्त बुचात वाळू जाऊ देऊ नका. भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रात बघून निघा.

विमानतळाच्या परिसरात उंच उडणाऱ्या फटाक्यांपासून पतंगांपर्यंत कशाकशावर पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. सांताक्रूझ, पार्ले, कुर्ल्याकडच्या मंडळींनी सरळ लोकल पकडून दुसरीकडे जावं.

सकाळी सात ते नऊ ही उत्तम वेळ. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो, आणि रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवून त्याच दिशेला जातं.

उड्डाण

बाटलीत एक तृतीयांश पाणी भरा, म्हणजे ६५० ते ७०० मिलिलिटर. जोर साठतो तो हवेत, आणि मागे फेकायला वजन लागतं ते पाण्याचं. काठोकाठ पाणी भरलं तर हवेला जागा नाही. अजिबात नसलं तर नुसतं फुस्स.

बूच पाण्याने ओलं करून पिरगाळत दाबा. दर वेळी सारख्याच जोराने दाबा, कारण किती दाबावर सुटणार ते हे बूचच ठरवतं. रॉकेट पातींवर उभं करा आणि सगळ्यांना दहा मीटर मागे पाठवा. पंप मारणारा पाइपच्या टोकाशी, डोळ्यांवर चष्मा. आता पंप मारा आणि काट्यावर नजर ठेवा. पंक्चरवाल्याच्या भाषेत पन्नास हवा, म्हणजे ५० पीएसआय, ही आपली हद्द. त्याआधीच ठप्प असा आवाज होतो, पाण्याचा फवारा चपला भिजवून जातो आणि बाटली वर गेलेली असते. पन्नासपर्यंतही सुटलं नाही तर जवळ जायचं नाही. पंपाकडूनच पाइप सोडवून हवा काढायचा प्रयत्न करू नका, आतला व्हॉल्व्ह ती अडवून धरतो. लांब काठीने रॉकेट आडवं पाडा, तोंड आणि बूड दोन्ही माणसांपासून दुसरीकडे वळलेली ठेवा आणि काठीनेच बूच ढकलून मोकळं करा. पुढच्या वेळी बूच थोडं सैल बसवा.

खाली येणाऱ्या रॉकेटचा कॅच घ्यायला कुणी धावणार नाही, हे आधीच बजावा. क्रिकेट खेळणारी मुलं हमखास धावतात.

उंची मोजणं

कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधा आणि दोऱ्याला एखादं नट लटकवा. कोनमापकाची सरळ कड डोळ्याला लावून रॉकेटच्या सर्वांत उंच जागेवर नेम धरा आणि दोरा ज्या आकड्यावर स्थिरावेल तो ९० मधून वजा करा. हा उंचीचा कोन. उभं कुठे राहायचं? मैदानातली खेळपट्टी २० मीटर लांब असते, म्हणून दीड खेळपट्टी म्हणजे ३० मीटरवर उभे राहा. कोन ३० अंश आला तर उंची सुमारे १७ मीटर, ४५ आला तर ३०, आणि ६० आला तर ५२. त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची. तीन मीटरचा एक मजला धरला तर तीस मीटर म्हणजे दहा मजले.

वहीत पाणी, दाब, क्लेचं वजन आणि उंची लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. पाणी ४०० मिलिलिटर करून बघा, मग ९००. दर उड्डाणानंतर बाटली उजेडात धरून तपासा आणि जरा शंका आली की बदला. बाटलीला पैसे पडत नाहीत.

पावसाळ्यात मैदानात चिखल आणि गच्चीत शेवाळ. तेव्हा लहान मुलांसाठी इनोचं रॉकेट. पूर्वी फोटोच्या रोलची डबी मिळायची, आता फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांची, दाबून बसणाऱ्या झाकणाची नळी घ्या. त्यात दोन चमचे पाणी, टिश्यूच्या कपट्यात गुंडाळलेला चमचाभर इनो, झटकन झाकण, आणि मोरीत उलटी ठेवून मागे व्हायचं. टिश्यू भिजेपर्यंत पळायला वेळ मिळतो. मोरीचा पंखा किंवा दिवा वर असेल तर गॅलरीत करा, आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर आधी हाक मारा.