शेतावर मुक्काम हलवण्याआधी परसबागेचे लॉन करताना

पावसाळा सरताना घर सोडून शेतावर राहायला जायचे ठरले असेल, तर परसबाग आवरायला पहिल्या पावसाची वाट पाहू नये. मागे राहणाऱ्या घरात भाडेकरू येवो की नवा मालक, भाजीच्या वाफ्यांची निगा राखणारे कोणी असेलच असे नाही. वर्षानुवर्षे खत खाल्लेले वाफे मोकळे सोडले की एका पावसात तिथे कमरेएवढे तण उभे राहते. त्यामुळे वाफ्यांच्या जागी लॉन करण्याचा विचार योग्यच आहे, फक्त कामाचा क्रम उलटा होऊ देऊ नये. बहुतेक जण सुरुवातीलाच गवताच्या जातींची चौकशी करत बसतात. बागेतले काय शेतावर न्यायचे आणि काय चुकूनही न्यायचे नाही, हे आधी ठरवावे. गवताचे पुढे पाहता येते.

मोठी फळझाडे उपटून नेण्याच्या फंदात पडू नये. पेरू, डाळिंब, लिंबू यांची गुटी बांधावी, पावसाळा त्यासाठी उत्तम. पेन्सिलीच्या जाडीची, साधारण वर्षभराची निरोगी फांदी निवडून अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी, तिथे ओले शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक घट्ट बांधावे. सहा ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळ्या दिसू लागतात. तेव्हा फांदी कापून पिशवीत लावावी आणि काही आठवडे सावलीत ठेवावी. म्हणजेच निघायच्या तारखेपासून किमान तीन महिने मागे मोजून गुटी बांधायला हवी. शेवग्याचे मनगटाएवढे जाड, मीटरभर लांबीचे फाटे नेले की पुरे. कढीपत्त्याच्या बुंध्याजवळ मुळांवर फुटलेली पिल्ले अलगद सोडवून घ्यावीत. लहान झुडपे न्यायचीच असतील, तर बुंध्याभोवती अर्ध्या वर्तुळात आत्ता चर खणून मुळे छाटावीत, उरलेले अर्धे वर्तुळ तीन-चार आठवड्यांनी करावे. झाड एकदम उपटल्यावर जो धक्का बसतो, तो असा दोन टप्प्यांत वाटला जातो. हळद आणि आले मात्र यंदा घरच्या वाफ्यात लावूच नये. ही पिके आठ-नऊ महिने जमीन अडवतात, त्यांचे बेणे थेट शेतावर लावावे.

बियाणे धरताना एवढे पाहावे की वाल, चवळी, टोमॅटो यांचे बी बहुतांशी मूळ जातीचेच निघते; दुधी, भोपळा, काकडी यांच्यात शेजारच्या वेलाचे परागकण सहज मिसळतात. संकरित वाणाचे बी धरण्यात अर्थ नाही.

आता न्यायचे काय नाही, ते. माती! इतकी वर्षे कंपोस्ट घालून काळी, भुसभुशीत केलेली माती सोडून जाताना जीव तुटतो हे खरे, पण चार पोती मातीने शेताचा कस वाढत नाही आणि तिच्यातून लव्हाळा या तणाच्या गाठी, हुमणीच्या अळ्या, मुळांत शिरणारे सूक्ष्म सूत्रकृमी असा सगळा लवाजमा नव्या जमिनीत जातो. सूत्रकृमींची तपासणी घरच्या घरी होते. वांगी, टोमॅटो, भेंडी यांची जुनी झाडे उपटून मुळे पाण्यात धुवावीत. मुळे जागोजाग सुजून गाठाळलेली दिसली, तर त्या वाफ्यातले मुळासकट कोणतेही रोप शेतावर नेऊ नये, फक्त बी आणि वरच्या फांद्या घ्याव्यात. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर नत्राच्या गाठीही असतात, त्या चिमटीने सहज निखळतात. सूत्रकृमीची गाठ ही मुळाचाच सुजलेला भाग असल्याने निखळत नाही. पूर्ण कुजलेले कंपोस्ट चाळून, अळ्या वेचून नेण्यास हरकत नाही.

रोपे आणि बी मार्गी लागले की जमिनीकडे वळावे. वेलांच्या काठ्या, तारा, ठिबकच्या नळ्या, कडेच्या विटा, काचा हे सगळे हाताने वेचून काढावे; गवतात लपलेली तार लॉन कापायच्या यंत्राचे पाते मोडते आणि पायही कापते. वाफ्यांवरचे अर्धवट कुजलेले आच्छादन ओढून घ्यावे. ते मातीत मिसळले तर कुजताना नत्र ओढून घेते आणि नवे गवत पिवळे पडते. तोडलेल्या झाडांचे खोड-मूळही शक्य तेवढे काढावे, नाहीतर ते कुजल्यावर तिथे खड्डा पडतो.

लव्हाळा असेल तर रोटाव्हेटर फिरवू नये. जमिनीखाली गाठींची माळच असते, ती तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. कुदळीने २० ते २५ सेंटीमीटर खणून गाठी वेचाव्यात, पाणी द्यावे, दोन-तीन आठवड्यांत जे उगवेल ते वरच्यावर खुरपून काढावे आणि हेच पुन्हा एकदा करावे. कडक उन्हाचे चार ते सहा आठवडे हाताशी असतील, तर ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक कडा दाबून पसरावे. तणांचे बी आणि बऱ्याच बुरशा त्याने मरतात. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र यालाही पुरून उरतात, वेचणी चुकत नाही.

सपाटीकरणात खरी अडचण वाफ्यांची नसते, त्यांच्यामधल्या पायवाटांची असते. वाफ्याची माती फुललेली, वाटेची दगडासारखी दाबलेली. नुसती माती ओढून सारखे केले, तर दोन पावसांत वाफे खचतात आणि वाटांवरचे गवत खुरटे राहून जुन्या बागेचा नकाशा लॉनवर उमटतो. म्हणून वाटाही २० सेंटीमीटर खणाव्यात, मग सगळे सारखे करून भरपूर पाणी द्यावे, बसू द्यावे, खळगे भरून पुन्हा सारखे करावे. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, मीटरमागे एक ते दोन सेंटीमीटर. ठेवायच्या झाडांच्या बुंध्यावर माती चढवू नये आणि त्यांच्याभोवती अर्धा मीटर गोल गवताविना सोडावा. शेणखत आता घालू नये, या जमिनीला ते पूर्वीच भरपूर मिळाले आहे.

आता गवताची निवड. उघड्या उन्हासाठी हरळी. तिला दिवसाला किमान सहा तास ऊन हवे. अर्धवट सावलीत झॉयसिया हे गवत बरे, मात्र ते सावकाश पसरते. दाट झाडाखाली गवताचा हट्ट सोडून पालापाचोळा पसरावा. पावसाच्या तोंडावर बी पेरले तर जोरदार सरीत वाहून जाते, त्यापेक्षा हरळीच्या तीन-चार पेरांच्या काड्या दहा-दहा सेंटीमीटरवर टोचाव्यात, दोन पेरे मातीत जाऊ द्यावीत आणि वरून हलका रोलर फिरवावा. उघडीप पडली तर पहिले तीन आठवडे हलके पाणी रोज द्यावे, नंतर कमी वेळा पण खोलवर. जमीन भरायला दोन-तीन महिने धरून चालावे. कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त पाते काढू नये. तिसऱ्या कापणीनंतर गवत फिके वाटले तरच युरिया द्यावा, तोही १०० चौरस मीटरला एक किलोच्या आत, आणि लगेच पाणी.

इथे एक सावधगिरी. घरी जी हरळी हौसेने लावली, तीच शेतात सगळ्यांत चिवट तण ठरते. लॉनचे काम सुरू झाल्यावर खुरपी, कुदळ, बूट धुतल्याशिवाय शेतावर नेऊ नयेत आणि पिशव्यांतल्या रोपांच्या मातीत हरळीचा धागाही राहू देऊ नये. रोपांच्या पिशव्या लॉनपासून दूर, फरशीवर ठेवलेल्या बऱ्या.

सगळी बाग एका दमात उलथायची गरज नाही. जो वाफा रिकामा होईल तो आधी गवताखाली घ्यावा. नळाजवळचा कोपरा शेवटपर्यंत रोपवाटिका म्हणून राखावा आणि निघण्याच्या महिनाभर आधी तिथे तयार लॉनचे रोल विटांसारखे सांधे चुकवून अंथरावेत.

शेतावरची तयारी याच दरम्यान व्हायला हवी: माती आणि पाण्याची तपासणी, कुंपण, पाण्याची सोय. फळझाडांसाठी मीटरभर खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. रिकाम्या तुकड्यात पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरून ४५ ते ५० दिवसांनी, फुलोरा येता येता गाडावा. रोपे नेण्यासाठी ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडावी आणि गाडीत ती कापडाने झाकावीत, कारण वाटेतल्या वाऱ्याने पाने लवकर सुकतात. शेतावर पोचल्यावर थेट खड्ड्यात न लावता आठ-दहा दिवस शेडनेटखाली ठेवावीत.