पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारसायकलची बॅटरी पुन्हा कशी उठवावी

थंड प्रदेशांत बर्फ पडू लागला की मोटारसायकली गॅरेजमध्ये जातात. ठाणे आणि नवी मुंबईत हेच काम पाऊस करतो. घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे आणि सायन-पनवेल महामार्गावर साचणारे पाणी यांना कंटाळून जूनपासून अनेक जण लोकल पकडतात आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी राहते. पुढे दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी धुऊन बाहेर काढली, चावी फिरवली आणि सेल्फ मारला की इंजिन फिरण्याऐवजी रिलेची नुसती टिकटिक ऐकू येते आणि मीटरवरचे दिवे मंद होतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी नवी बॅटरी घेण्याचा सल्ला मिळतो. माझ्या मते तो सल्ला बऱ्याचदा घाईचा असतो, कारण उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे आणि तो घरी बसून ओळखता येतो.

आधी बॅटरीच्या आत काय घडते ते समजून घ्यावे, कारण पुढची प्रत्येक कृती त्यावरच अवलंबून आहे. बहुतेक मोटारसायकलींत असते ती लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे ॲसिडमध्ये बुडालेल्या शिशाच्या प्लेटांची. ती वापरात नसतानाही हळूहळू उतरत राहते आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणूनच थंड गॅरेजमध्ये दोन-तीन महिने तग धरणारी बॅटरी आपल्याकडच्या दमट उकाड्यात तेवढा काळ धरत नाही. त्यात मीटरमधले घड्याळ, इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, बाहेरून बसवलेला अलार्म किंवा जीपीएस ट्रॅकर असे काही ना काही थेंबाथेंबाने वीज घेत असते. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ते ताजे असते तोवर चार्जिंगने पुन्हा विरघळते, पण बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. त्यामुळे गाडी सुरू होत नाही असे लक्षात आल्यावर ‘पुढच्या रविवारी पाहू’ असे म्हणू नये. त्याच दिवशी बॅटरी काढून कामाला लागावे.

ढकलून किंवा दुसऱ्या बॅटरीचा आधार घेऊन गाडी सुरू करायची आणि एक फेरी मारून बॅटरी भरायची, हा सर्वांत प्रचलित उपाय आहे आणि मी त्याच्या ठाम विरोधात आहे. मोटारसायकलची चार्जिंग यंत्रणा भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असते. रिकामी बॅटरी सावकाश आणि पूर्ण भरणे हे तिचे काम नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत सतत पेटलेला असतो, त्यामुळे पार्किंगमध्ये इंजिन दहा मिनिटे नुसते चालू ठेवल्याने बॅटरीच्या वाट्याला फारच थोडे येते. शिवाय बहुतेक बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर विजेवरच चालतात. बॅटरी पूर्ण बसली असेल तर अशी गाडी कितीही ढकलली तरी सहसा सुरू होत नाही.

बॅटरी काढताना चावी बंद करून आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडावी आणि मगच लाल. उलटे केल्यास पाना गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकून मोठी ठिणगी उडू शकते. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये, त्याने रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) आणि नियंत्रण यंत्रणा जळण्याचा धोका असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बहुधा प्लग नसतो, म्हणून बॅटरी घरी न्यावी लागते. ती उभी धरून, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये किंवा टबात ठेवून न्यावी, कारण पाण्याच्या, म्हणजे वर बुचे असलेल्या बॅटरीतून सांडलेला ॲसिडचा एक थेंबही सुती कपड्याला भोक पाडतो. हातमोजे आणि चष्मा घालावा. डोळ्यात ॲसिड गेले तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

खाडीकाठच्या हवेत टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी लवकर साचते. बॅटरीची बुचे घट्ट बंद असल्याची खात्री करून, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने ती भुकटी घासावी, साध्या पाण्याने पुसून कोरडी करावी. सोड्याचे पाणी आत जाता कामा नये. गाडीकडच्या वायरींची टोकेही अशीच साफ करावीत. कित्येकदा दोष एवढाच असतो.

यानंतर डिजिटल मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. बॅटरी काही तास शांत ठेवून मोजल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट आले तर ती भरलेली आहे. मेंटेनन्स-फ्री, म्हणजे पाणी घालावे न लागणाऱ्या सीलबंद प्रकारात हा आकडा १२.८च्या पुढे असतो. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे चतुर्थांश आणि ११.८च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून नीट चार्ज केल्यानंतरही आकडा १०.५च्या आसपासच अडकत असेल तर एक सेल आतून शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. तशा बॅटरीवर पुढे वेळ घालवू नये.

वरच्या बाजूला सहा बुचे असतील तर ती पाण्याची बॅटरी. बुचे उघडून पातळी पाहावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगपूर्वी त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि वरच्या रेषेपर्यंतची भर चार्जिंग संपल्यावर घालावी, कारण चार्ज होताना पातळी वाढते आणि आधीच काठोकाठ भरलेले पाणी ॲसिडसकट बाहेर येते. नळाचे पाणी चालत नाही, घरच्या आरओचेही चालत नाही. त्यात क्षार उरलेले असतात. आणि ॲसिड तर मुळीच घालू नये. उडून गेलेले असते ते पाणी; ॲसिड आतच असते, त्याचा काही भाग प्लेटांवरच्या सल्फेटमध्ये अडकलेला असतो. मेंटेनन्स-फ्री बॅटरीचे झाकण मात्र उचकटू नये.

आता मुख्य काम. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक-दशांश असावा. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, ८ किंवा ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.८ ते ०.९ अँपिअर. बॅटरीवर लिहिलेला आकडा वाचून मगच चार्जर निवडावा. कारचा किंवा इन्व्हर्टरचा मोठा चार्जर लावला तर छोट्या बॅटरीच्या प्लेटा तापून वाकतात. चार्जरचे व्होल्टेज १४.४च्या आसपास थांबणारे हवे; मेंटेनन्स-फ्री बॅटरीत ही मर्यादा विशेष पाळावी, कारण तिच्यातून उडालेले पाणी परत भरता येत नाही. अर्धी उतरलेली ५ अँपिअर-तासांची बॅटरी या वेगाने सुमारे सहा तासांत भरते, पूर्ण रिकामी असेल तर बारा ते चौदा तास लागतात. चार्जिंगमध्ये हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो, म्हणून बॅटरी बाल्कनीत ठेवावी, बुचे असल्यास सैल करावीत आणि जवळपास निरांजन, उदबत्ती किंवा गॅस नको. आधी चिमटे लावून मग चार्जरचा प्लग चालू करावा. काढताना आधी प्लग बंद. बॅटरीला हात लावून पाहावा: कोमट चालेल, पण गरम लागली तर थांबवून थंड होऊ द्यावी.

फार खोल उतरलेल्या बॅटरीला आजचे स्वयंचलित चार्जर ओळखतच नाहीत आणि दोषाचा दिवा दाखवून बंद होतात. लोक इथेच आशा सोडतात, पण एक जुनी युक्ती उपयोगी पडते. दुसरी चांगली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी घ्यावी, दोन्हींचे निगेटिव्ह थेट जोडावे आणि पॉझिटिव्ह मात्र इंडिकेटरच्या १२ व्होल्ट, १० वॅटच्या बल्बमधून जोडावे. बल्बमुळे करंट ०.८ अँपिअरच्या आसपासच राहतो, त्यामुळे आत सेल शॉर्ट असला तरी अनर्थ होत नाही. तासाभराने उतरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज ११च्या वर चढले की जोडणी काढून चार्जर लावावा. हे करताना तिथून हलू नये.

सल्फेट कडक झालेल्या बॅटरीची खूण अशी की चार्जर लावताच व्होल्टेज झपाट्याने वर जाते आणि चार्जर ‘भरली’ म्हणून थांबतो, पण काढल्यावर ती लगेच बसते. तिला आणखी कमी करंट, म्हणजे ०.२ ते ०.३ अँपिअर, एक-दोन दिवस द्यावा आणि अधूनमधून तापमान पाहावे. सल्फेट अलीकडचे असेल तर फरक दिसतो. एप्सम सॉल्ट किंवा ॲस्पिरिनच्या गोळ्या बॅटरीत टाकण्याचे उपाय करू नयेत. ॲस्पिरिन तर प्लेटांना घातकच ठरते.

चार्ज झालेली बॅटरी लगेच तपासून निकाल देऊ नये. चार्जिंगनंतर दिसणारे व्होल्टेज वरवरचे असते, म्हणून ती बारा तास तशीच ठेवून मग मोजावी. १२.५च्या वर टिकली तर गाडीत बसवावी, या वेळी लाल वायर आधी आणि काळी नंतर, आणि टर्मिनलवर थोडे व्हॅसलीन लावावे. पाण्याच्या बॅटरीची बाहेर जाणारी नळी पुन्हा जोडायला विसरू नये, नाहीतर ॲसिडची वाफ चेसिस गंजवते. मग सेल्फ मारताना मल्टिमीटर पाहावा: व्होल्टेज ९.६च्या खाली गेले तर बॅटरीत व्होल्टेज आहे पण ताकद नाही, असे समजावे. इंजिन सुरू झाल्यावर थोडा ॲक्सिलरेटर देऊन पुन्हा मोजावे, १३.५ ते १४.५ हे योग्य. १३च्या खाली राहिले तर चार्जिंग कॉइल किंवा रेग्युलेटर तपासून घ्यावा, १५च्या वर गेले तर रेग्युलेटर नक्कीच बिघडलेला आहे आणि तो बदलेपर्यंत गाडी चालवू नये, कारण नवी बॅटरीही तो उकळून टाकेल.

बारा तासांनी व्होल्टेज १२.२पर्यंत घसरले, चार्ज करताना सहापैकी एका सेलमध्ये बुडबुडेच आले नाहीत किंवा बॅटरी फुगली असेल, तर ती संपली. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानदाराकडेच जमा करावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि किमतीत सूटही मिळते. नव्या बॅटरीत दुकानात ॲसिड भरून दिले असेल तर ती तशीच गाडीला जोडू नये. अर्धा तास थांबून, वरच्याच एक-दशांश करंटने पूर्ण चार्ज करून मगच बसवावी. दुकानदार घाई करत असेल तर बॅटरी घरी आणून स्वतः चार्ज करावी.