जुनी मर्सिडीज सोसायटीच्या पार्किंगमध्ये कशी उजळावी

माझी ई-क्लास २००८ ची, काळी. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना सुरू व्हायच्या आधीची, म्हणजे पिंपरीत जोडलेली. नव्या हॅचबॅकच्या निम्म्याहून कमी पैशात मिळाली. पार्किंगमध्ये आणून लावली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हत्ती आणलास खरा. चारा कोण घालणार?"

चाऱ्याचं, म्हणजे गिअरबॉक्स-सस्पेन्शनच्या खर्चाचं, पुन्हा कधीतरी. इथे हत्ती घासायचा कसा तेवढंच सांगतो. गाडी अकॉर्ड असो, सुपर्ब असो की बीएमडब्ल्यू, काम तेच. क्रम मात्र चुकवू नका. बहुतेक जण थेट पॉलिशला हात घालतात आणि तीन महिन्यांत गाडी पुन्हा होती तशी. मुंबईत गाडीला दोन गोष्टी खातात : आत शिरलेलं पाणी आणि बाहेरून रोज फिरणारा फडका. या दोघांचा बंदोबस्त आधी, चमक नंतर.

कार्पेट उचला, पट्टा ओढा

गाडी अजून घेतली नसेल तर सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढून बघा. विकणारा सीट पुसतो, कार्पेट शाम्पू करतो, पण गुंडाळीत आत राहिलेला पट्टा सहसा कोणी धूत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर मातीची रेघ तशीच असते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही बघा. २००५ च्या आधीची गाडी २६ जुलैला कुठे उभी होती आणि नंतरची २९ ऑगस्ट २०१७ ला, हे विचारायला मुंबईत लाजायचं कारण नाही. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्यात बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या नाहीत.

सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. छपरावर पडलेलं पाणी त्यातून खाली चाकांच्या आसपास पडायला हवं. कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. पडलं नाही तर नळी तुंबली आहे. गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सारून ती मोकळी होते. पंपाने जोरात हवा मारू नका, आतल्या आत नळी सुटते आणि मग छताचं कापड उतरवावं लागतं. वायपरखालची जाळीही साफ करा. पार्किंगवर गुलमोहर असेल तर त्याची बारीक पानं तिथे चिखलासारखी बसतात आणि पाणी एसीच्या वाटेने आत उतरतं. दारांच्या खालच्या कडेला भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. माझ्या गाडीत मुख्य बॅटरी डिकीत आहे, म्हणून मागच्या दिव्यांचं रबरही तपासलं. कडक झालं होतं, बदललं.

चूक मी वेगळीच केली. कार्पेट वरून कोरडं लागत होतं म्हणून सोडून दिलं. आठवड्याने कुबट वास आला, तेव्हा कोपरा उचलून खालचा फोम दाबला तर चहात बुडवलेल्या पावासारखं पाणी सुटलं. या गाड्यांत कार्पेटखाली जाड फोम असतो आणि मुंबईच्या दमट हवेत तो जागच्या जागी वाळत नाही. सीट काढून, कार्पेट बाहेर घेऊन, पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवावं लागतं. सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात. त्यामुळे बॅटरी आधी सोडा, वायरी सुटलेल्या असताना इग्निशन लावू नका.

फडक्याशी तह

आमच्याकडे गाडी पुसणारे दादा पहाटे पाचला येतात. एक बादली, एक फडका, आठ गाड्या. माझी सहावी. आजूबाजूला दोन इमारतींचं पुनर्विकासाचं काम चालू आहे, म्हणजे गाडीवर बसते ती नुसती धूळ नसते, वाळू आणि सिमेंट असतं. ते कोरड्या रंगावर रगडलं की क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बारीक ओरखडे उठतात. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याचं जाळं दिसतं ते हेच.

मी दादांना म्हटलं, "रोज पुसू नका. काचा तेवढ्या पुसा, पैसे तेवढेच देतो."

"साहेब, मग सेक्रेटरी म्हणतील मी काम चुकवतो."

शेवटी सेक्रेटरींनाच सांगून टाकलं. तुम्हीही हे आधी करा. नाहीतर पुढे लिहिलेलं सगळं करून महिनाभरात जाळं परत येईल.

धुणं

बऱ्याच सोसायट्यांत पाइप लावून गाडी धुवायला बंदी असते आणि ते बरोबरच आहे. त्यावर रिन्सलेस वॉश हा उपाय. आठ-दहा लिटर पाण्याच्या बादलीत सांगितल्याप्रमाणे झाकणभर द्रव टाकायचा. नंतर नुसत्या पाण्याने धुवून काढायची गरज नसते. तेच पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून आधी भागावर भरपूर फवारा, दोन मिनिटं मुरू द्या. मग जाड मायक्रोफायबरची चार घडी करून, दाब न देता, एका दिशेने पुसा. एक बाजू मळली की घडी उलटा. आधी छप्पर, मग काचा, बॉनेट, दारं, आणि दारांखालचा पट्टा सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. खाली पडलेला फडका पुन्हा रंगाला लावायचा नाही. भांड्यांचा साबण तर नकोच, तो वॅक्स उतरवतो.

चाकं मात्र या सगळ्याच्या आधी धुवा, त्यांची बादली आणि ब्रश वेगळे. टायर बघा : कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मध्येच एक इशारा. ई-क्लास २००६ च्या मध्याआधीची असेल तर घरी ब्रेक पॅडला हात लावू नका. त्या गाड्यांचे ब्रेक इलेक्ट्रो-हायड्रॉलिक आहेत, नुसतं दार उघडलं तरी पंप दाब तयार करतो आणि बोटं चिरडू शकतात.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात. पडलेले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून, सावलीत, पत्रा थंड असताना, मिनिटभर लावून पुसा. तरी गेले नाहीत तर डाग रंगात उतरलाय, तो पॉलिशलाच निघेल.

हात पिशवीत घालून

धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवा. काचेसारखं लागायला हवं. खरखर लागली तर रंगात कण रुतलेत. लोकलच्या रुळांलगत राहत असाल तर खरखर लागणारच, ब्रेकचा लोखंडी भुसा हवेतून येऊन बसतो. आयर्न रिमूव्हर फवारला की असे ठिपके जांभळे होऊन ओघळतात. बघायला मजा येते, पण वास सडक्या अंड्याचा, मास्क लावा. उरलेल्या खरखरीवर क्ले बार, म्हणजे कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओलाव्यावर, बोटांच्या टोकांनी. क्ले हातातून जमिनीवर पडला की सरळ फेकून द्या.

पॉलिश

इथे घाई केली तर गाडी रंगवायची वेळ येते, म्हणून सावकाश वाचा.

कारखान्यातून आलेल्या रंगाची सगळ्या थरांसकट जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते. त्यात वरचा क्लिअर कोट ४०-५०. पॉलिश म्हणजे त्यातला थोडा भाग कायमचा झिजवणं. तो परत येत नाही. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर दर पॅनेलवर चार जागी लावा. २०० च्या वर आकडा म्हणजे बहुधा तिथे पुन्हा रंग बसलाय, खूपच वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. आणि ८० च्या आसपास दिसला तर कोणीतरी आधीच रबिंग मारून ठेवलंय, तिथे मशीन लावू नका. माझ्या डाव्या पुढच्या फेंडरवर ३१० आला. विकणाऱ्याने "एकही टचअप नाही" असं शपथेवर सांगितलं होतं.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. ते एकाच जागी गोल फिरत नाही, डगमगत फिरतं, त्यामुळे नवख्याच्या हातून रंग सहसा जळत नाही. रस्त्यावरचा रबिंगवाला वापरतो ते रोटरी अनुभवी हाताचं काम आहे. शिवाय त्याच्या तेलकट पॉलिशने ओरखडे भरलेले दिसतात आणि दोन-तीन धुण्यांत वर येतात.

रबर, प्लास्टिक, क्रोम आणि पॅनेलच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो. हा नियम मी स्वतः एकदाच मोडला. मागच्या दाराच्या घडीवर टेप लावायचा कंटाळा केला आणि पांढरट प्रायमर दिसला. पुढचे दोन तास मी गाडीकडे न बघता चहा पीत बसलो.

आधी बॉनेटचा दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन चाचणीसाठी घ्या. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, कमी वेगात पसरवून, मग वेग वाढवून आडव्या-उभ्या चार ते सहा फेऱ्या. मशीन सावकाश सरकवा, त्याच्या वजनापेक्षा किंचित जास्त दाब. पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने तेलकटपणा काढा आणि एलईडी टॉर्च तिरकी धरून बघा. जाळं गेलं असेल तर पूर्ण गाडीला तेवढंच पुरे. नसेल तर आधी पॅड बदला, मग कंपाउंडकडे, म्हणजे जास्त झिजवणाऱ्या पॉलिशकडे, वळा. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. नखाला अडकणारे ओरखडे तसेच राहू द्या, ते काढायच्या नादात क्लिअर कोट संपतो. दहातले सात-आठ गेले की थांबावं. पूर्ण गाडीला मला तीन रविवार लागले.

दगड लागून उडालेले टिपके टचअपच्या कुपीने भरा. रंगाचा कोड बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराच्या खांबावर सापडतो. माझा १९७, ऑब्सिडियन ब्लॅक. चाकाच्या कमानीत गंज असेल तर नुसता रंग फासू नका. खपली खरवडून, गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), मग प्रायमर, मग रंग. समुद्राच्या हवेत याला पर्याय नाही. खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या बहुतेकदा अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, त्यांना आम्लाचा व्हील क्लीनर लागला की कायमच्या पांढऱ्या पडतात.

पिवळे हेडलाइट

८०० चा पाणीपेपर, मग १५००, २०००, ३०००. सतत ओला, दर पेपरला दिशा बदलून. मग पॉलिश. त्यावर यूव्ही कोट हवाच, नाहीतर काही महिन्यांत पिवळेपणा परत. नोंदणीला १५ वर्षं झाली की आरटीओत नूतनीकरणाला जायचं असतं, त्याच्या आधी हे उरका.

आतली बाजू

चामडं चमकत असेल तर ते मळलेलं आहे. स्वच्छ चामडं मंद दिसतं, चमक असते ती घाम आणि तेलाची. चामड्याचा सौम्य क्लीनर ब्रशवर घेऊन फेस करा, लगेच ओल्या मायक्रोफायबरने टिपा, मग पातळ कंडिशनर. आमच्या घरात सगळ्यावर खोबरेल तेल हा उपाय आहे, पण सीटवर आणि डॅशबोर्डवर ते लावू नका. धूळ चिकटते आणि श्रावणात त्यावर पांढरी बुरशी उगवते. बऱ्याच गाड्यांत बसायची जागाच तेवढी चामड्याची आणि बाकी रेक्झिन असतं, त्याला कंडिशनरची गरज नाही.

छताचं कापड लोंबत असेल तर आतला फोम विरघळलाय. गोंद टोचून काही होत नाही, छताचा आतला पूर्ण पुठ्ठा उतरवून नवं कापड लावून घ्यावं लागतं. एसीचा वास आला तर आधी केबिन फिल्टर बदला, बहुतेकदा तोच गुन्हेगार असतो. बंद गाडीत डांबरगोळ्या ठेवू नका. इंजिनवर पाण्याचा फवारा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि पुसताना कुरतडलेल्या वायरी शोधा. तंबाखूची पुडी ठेवून उंदीर जातात असं सगळे सांगतात. माझ्याकडे ते पुडीशेजारीच बसले होते.

तुटलेल्या क्लिप, नॉब, दिव्यांसाठी आधी ऑपेरा हाऊसचं स्पेअर पार्ट मार्केट, मग कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना भाग हातात घेऊनच जा आणि त्यावरचा पार्ट नंबर जुळवा. "सेम आहे, साहेब" यावर विसंबून मी चुकीचा आरसा घरी आणलाय. सीटला ठिगळापुरतं चामडं धारावीत मिळतं.

शेवटचा थर

सिरॅमिक कोटिंग घरी करायचं तर डिसेंबर-जानेवारीतच, दमट हवेत ते डागाळतं. मी साधं सिंथेटिक सीलंट, म्हणजे रंग जपणारा पातळ थर, लावतो, मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा. पातळ थर, सांगितलेला वेळ वाळू देऊन पुसणं, झालं. दारांच्या रबरांना सिलिकॉन स्प्रे.

बॉडी कव्हर पावसाळ्यात काढून ठेवा. ओलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि खाली वाळू असते, म्हणजे चोवीस तास फिरणारा फडका. कबुतरं वर बसत असतील तर स्प्रेची बाटली आणि एक मायक्रोफायबर डिकीत ठेवा आणि विष्ठा दिसल्याबरोबर भिजवून उचला. उन्हात ती एका दुपारी रंगात खड्डा पाडते. आमचे पुसणारे दादा आता सकाळी ते करतात. त्यांना मी तीन मायक्रोफायबर दिले होते. त्यातला एक परवा काकांच्या स्कूटरवर वाळत होता.